विंच आणि शेठचे दोन खांब

धनेशशेठनं आमच्या गाडीवाटेच्या तोंडावर दोन खांब उभे केले, तेव्हा मी त्याला एवढंच विचारलं, "शेठ, ह्यातनं म्हस जाईल का?"

तो हसला. "मावशी, माणूस जाईल. वहिवाट माणसाची असते."

मुलुंडचा माणूस. शनिवारी येतो, रविवारी जातो आणि मधल्या एका रात्रीत वहिवाट म्हणजे काय हे मला शिकवतो.

खांब सिमेंटचे, आत सळ्या, वर काचेचे दिवे. दोघांच्या मध्ये फट एवढीच, की डोक्यावर भारा घेतलेली बाई आडवी वळून कशीबशी जाईल. वाट माझ्या सासऱ्याच्या आधीपासूनची. तिच्या दोन्ही अंगांची जमीन शेठनं आमच्या शेजाऱ्यांकडून घेतली, फार्महाउस बांधलं, पोहायचं टाकं केलं, हिरवळ लावली आणि वाटेच्या कडेनं दगडी भिंत घातली. वाट तशीच खाली उतरते, शेठच्या खालच्या खाचराला घासून जाते आणि बांधापलीकडे आमच्या शेतात शिरते. आमचं सगळं भात तिथं. दुसरीकडनं जायचं तर पाताळगंगेच्या काठानं, ओहोळ ओलांडून, गुडघाभर रबडीतनं. तिकडनं ट्रॉली जात नाही. म्हणजे भात कापायचं आणि एकेक भारा डोक्यावरनं घरी आणायचा.

तालुक्याला अर्ज केला. साहेबांनी तारीख दिली. तारखेला गेलो तर पुढची तारीख दिली. पण भाताला तारीख कळत नाही ना! कापलेल्या भाताची आमची कडपं शेतात ओळीनं आडवी पडली होती आणि परतीचा पाऊस रोज दुपारी माथेरानच्या डोंगरामागनं तोंड काढून बघून जात होता. कापलेलं भात एकदा भिजलं की दाण्याला मोड येतात. मग वर्षभर कुबट भात खायचा आणि पाहुण्यांना वाढताना आमटी जास्त ओतायची.

आणि अशा दिवसांत आमच्या नीलेशनं काय करावं? विंच. माझ्या तोंडी इंच.

नीलेश माझा धाकटा. रसायनीला कंपनीत मेंटेनन्सला आहे. तिथं नट आवळतो आणि घरी आला की विश्वकर्मा होतो. खोपोलीच्या भंगारवाल्याकडनं कुठल्याशा मेलेल्या क्रेनची हायड्रॉलिक मोटर उचलून आणली, जाड पाइप कापून त्याचा ढोल केला, ढोलावर तारेचा दोर गुंडाळला आणि ट्रॅक्टरच्या तेलाचे पाइप त्या मोटरीला जोडले. दांडा ओढला की तेल मोटरीत जातं, मोटर ढोल फिरवते, ढोल दोर ओढतो. चिखलात रुतलेली गाडी म्हणा, पडलेलं झाड म्हणा, काहीही बाहेर येतं. असं तो म्हणायचा.

"भाताचं काय?" मी विचारलं.

"आई, ही एकदा झाली की बघ. गावात कुणाकडं नाय अशी चीज."

"गावात कुणाकडं दोन शेंड्यांचा नारळ पण नाय. म्हणून काय तो लावायचा?"

माझी सून विनिता पदरात तोंड घालून हसली. तिला माझ्या बोलण्याचं हसू येतं, पण ती नवऱ्याच्या देखत हसते, एवढं तिचं चुकतं.

पहिली चाचणी खळ्यावर झाली. ढोल बसवला होता ट्रॅक्टरच्या मागं, चांगला सीटच्या उंचीला, दिसायला रुबाबदार. दोर बांधला जुन्या आंब्याच्या खुंटाला. नीलेशनं दांडा ओढला. दोर ताणला, खुंट हलेना आणि आमच्या ट्रॅक्टरनं पुढची दोन चाकं उचलली! वरातीतला घोडा उभा राहतो तसा. नीलेशनं दांडा सोडला, पण दांडा मागं येईना. होता तिथंच चिकटून बसला. मग तो दोरच तुटला. सणकन आवाज झाला, शेवग्याचं झाड अर्ध्यात कापलं गेलं आणि विनितानं वाळत घातलेला गाऊन कौलावर जाऊन बसला. आम्ही सगळे ओट्यावर चहा घेत होतो म्हणून वाचलो.

मी उठले, ट्रॅक्टरची चावी काढली आणि कमरेला खोचली.

"आई, चावी दे."

"त्या गाऊनमधे विनिता असती तर?"

नीलेशनं पुढं केलेला हात मागं घेतला. शेवग्याच्या खोडाकडे विनितानं दोनदा वळून पाहिलं.

माझा बाप ठेकेदाराकडे जंगलातले ओंडके ओढायच्या कामावर होता. माझ्या चुलत्याचा पाय तुटलेल्या साखळीनं नेलेला मी लहानपणी पाहिलाय. साखळी तुटते तेव्हा माणूस चांगला की वाईट, कर्ता की आळशी, काही बघत नाही. म्हणून मी सांगितलं, चावी पाहिजे तर ही चीज पुन्हा बांध, आणि माझ्या मनासारखी बांध.

नीलेश दोन दिवस फुगून बसला. मग त्यानं बांधली. बांधली ती मात्र झकास, हे मी त्याच्या तोंडावर बोलले नाही. ढोल आणला खाली, चाकाच्या आसापेक्षा खाली, म्हणजे ओढ लागली तरी ट्रॅक्टर नाचणार नाही. मागं दोन लोखंडी पाय केले, ते जमिनीत रुततात आणि ट्रॅक्टरला मागं घसरू देत नाहीत. सीटच्या पाठीमागं जाड जाळी उभी केली. दांड्याला स्प्रिंग घातली. हात सोडला की दांडा आपोआप मधे येतो, ढोलाला ब्रेक लागतो आणि ओझं आहे तिथं धरून राहतं. तेलाच्या वाटेवर एक वॉल बसवला, अगदी कुकरच्या शिट्टीसारखा. ओढ जास्त झाली की तो घरघरतो, तेल परत टाकीत जातं आणि दोर तुटायच्या आधी ढोलच थांबतो.

"आणि दोर जाड घे," मी म्हटलं.

"जाड नाय आई, शिक्क्याचा घ्यायचा. किती ओझं झेपतं ते लिहिलेला. आणि वॉल त्याच्यापेक्षा कमीवर लावायचा."

तिथं त्याचं बरोबर होतं. मी भाजी ढवळायला आत गेले.

बाकीचे कायदे माझे. ताणलेला दोर ओलांडायचा नाही. दोराला उघडा हात लावायचा नाही, चामड्याचे हातमोजे घालायचे. दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटलाच तर तो वर उसळण्याऐवजी खाली पडतो. ढोलावरचे शेवटचे चार-पाच वेढे कधी उलगडायचे नाहीत. आणि जेवढा दोर बाहेर, तेवढ्या अंतरावर भाताच्या तुसाची रेघ मारायची. रेघेच्या आत चालवणाऱ्याशिवाय कुणी नाही, मग तो सरपंच असो की जावई.

नीलेशनं एक कप्पीपण आणली, चांगली दोन हातांनी उचलावी लागते अशी. ट्रॅक्टर एका दिशेला आणि ओझं भलत्याच दिशेला असलं, तर ती मधल्या झाडाला बांधायची आणि दोर तिच्यातनं वळवून न्यायचा. वाकडी ओढ लागली तर ट्रॅक्टर आडवा होतो. कप्पी असली की होत नाही.

तर असं सगळं तयार होऊन बसलं आणि भात शेतातच.

त्या शनिवारी आभाळ सकाळपासूनच काळवंडलेलं. मी आणि विनिता भारे आणायला निघणार, एवढ्यात साईनाथ धापा टाकत अंगणात आला. साईनाथ माझ्या चुलत दिराचा मुलगा, शेठच्या फार्महाउसवर वॉचमन. आमच्याच वाटेवरच्या खांबांना रोज सकाळी फडकं मारतो, म्हणून मी त्याला चार महिने चहा विचारला नव्हता.

"काकी, नीलेशदादा हाय का? शेठची गाडी बसली."

"उठवा मग."

"नाय गं काकी, रुतली! खालच्या खाचरात. पार पोटापर्यंत."

"नवी गाडी?"

"नवीच."

"मोठी?"

"लय मोठी."

मी विनिताला म्हटलं, "चहा टाक. साईनाथ दमून आलाय."

चहा पिता पिता त्यानं सांगितलं. शेठ आपली आई आणि चार पाहुणे घेऊन आला होता. आईला गाडीतनंच नदी दाखवायची म्हणून हिरवळीवरनं गाडी खाली घातली ती थेट खाचरात. आता ह्या दिवसांत खाचराचं पाणी नुकतंच सोडलेलं असतं. वरनं भेगा पडतात, कोरडं ठणठणीत दिसतं आणि आत नुसतं लोणी. आमचं शेंबडं पोरसुद्धा तिथं सायकल घालणार नाही.

"तू सांगितलं नायस?"

"शेठनं इचारलं, जाईल ना रे? मी म्हटलं, जाईल शेठ."

"का?"

"पगार त्याच्यासाठीच देतात ना काकी."

खोपोलीच्या क्रेनवाल्यानं सोमवार सांगितला होता. जेसीबीवाला खाचर बघून हात जोडून निघून गेला. आणि तिकडे ओहोळाचं पाणी चढायला लागलं होतं, म्हणजे वर डोंगरात पाऊस सुरू झालेला. संध्याकाळपर्यंत खाचर भरणार आणि त्यात गाडी. नीलेशचे डोळे असे चमकले, की मला त्याचं लहानपण आठवलं; पेढा दिसला की असंच बघायचा. मी कमरेची चावी काढून दिली. तो ट्रॅक्टर घेऊन पुढं गेला. साखळी, गोणपाटं, हातमोजे, तुसाची पिशवी विनितानं टोपलीत घेतली. कप्पीचं गोणपाट मी उचललं. माझं मन तोवर साफ होतं.

शेठच्या मोठ्या फाटकातनं आत गेलो. हिरवळीच्या टोकाला पाहुणे उभे, हातात फोन. खाली खाचरात ती काळी गाडी, डबक्यात म्हैस बसावी तशी समाधानानं बसलेली. तोंड वाटेकडे. नीलेशनं फिरून सगळं पाहिलं आणि मला म्हणाला, "गाडीच्या बरोबर मागं पोहायचं टाकं हाय, तिथं ट्रॅक्टर उभा रहायचा नाय. पण बाजूला लावून, त्या जांभळीला कप्पी बांधून दोर वळवला तर आली तशी हिरवळीवरनं वर निघंल."

मी जांभळीकडे पाहिलं. मग गाडीच्या तोंडासमोर पाहिलं. तिच्या तोंडासमोर आमची वाट होती. सरळ. वर रस्त्यापर्यंत. आणि वाटेच्या तोंडावर ते दोन खांब.

मी गोणपाट खाली ठेवलं, वर पदर पसरला आणि बसले.

"आई, कप्पी?"

"माझे गुडघे दुखतात रं."

"गुडघे नाय, कप्पी कुठाय?"

"घरी बघ. तिथंच असंल तुझी."

विनिता माझ्याकडे बघत होती. मी आभाळाकडे बघत होते. मग ती साईनाथला म्हणाली, "भावजी, मोरीच्या मागं बघा. तिथं नसली तर गोठ्यात. नायतर माळ्यावर." साईनाथ पळाला. सून चांगली निवडली, हे मला त्या दिवशी प्रथम पटलं.

मी टेकून बसले, पण फार वेळ नाही. गाडीत मागच्या सीटवर शेठची आई अजून तशीच होती. पांढरी साडी, सोन्याच्या काड्यांचा चष्मा. चिखलात पाय घालणार नाही म्हणून देवासारखी बसलेली. मी विनिताला माझ्या जागेवर बसवलं आणि साडी खोचून खाचरात उतरले.

"बाय, खाली उतरा."

"मला बसूनच ओढा. मी हलकी आहे."

"इंच लावली की गाडीत चालवणाऱ्याशिवाय कुणी बसत नाय."

"माझा मुलगा बसणार ना?"

"त्याचा इमा असंल."

म्हातारी मला निरखून बघायला लागली. मग फसकन हसली. नीलेश आणि शेठनं फळ्या टाकल्या, वर पेंढा टाकला आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट तिला उचलून वर आणली. शेठच्या पायातले पांढरे बूट गेले ते गेलेच. खुर्ची मी माझ्याशेजारी ठेवून घेतली. विनिता उठली, मी बसले.

साईनाथ परत आला. "नाय सापडली. गोठा पण बघितला काकी."

"मग आता?" शेठनं विचारलं.

नीलेशनं डोकं खाजवलं. "कप्पीशिवाय वाकडं ओढायचं नाय. ट्रॅक्टर पलटी होईल. सरळ काढायची तर त्या वाटेनं. पण रस्त्यावरनं दोर पुरत नाय, ट्रॅक्टर वाटेत आत यायला पायजे." मग तो थांबला. खोटं बोलायची सवय नसलेला मुलगा. जे दिसलं ते बोलला. "खांबातनं ट्रॅक्टर जात नाय. तुमची गाडीपण जायची नाय शेठ."

"मग भिंत थोडी काढून..."

"दगडाची भिंत काढायला दोन दिवस," मी म्हटलं. "खांब काढायला इंच हाय."

डोंगरावर गडगडलं. अशा वेळी गडगडतं म्हणून मी देवाला मानते.

"ठीक आहे," शेठ पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"काढा म्हटलं."

"ट्रॅक्टर चालूय शेठ, ऐकू येत नाय. काय काढू?"

"खांब काढा!"

"मग परत बांधाल."

"नाही बांधणार!"

"आँ?"

"नाही बांधणार! वाट मोकळी! काढा आधी!" शेठ ओरडला. पाहुण्यांचे फोन "खांब काढा"पासूनच त्याच्याकडे वळले होते.

म्हातारी खुर्चीतनं सगळं ऐकत होती. नीलेश ट्रॅक्टर घेऊन रस्त्याच्या अंगाला गेला, तसं तिनं विचारलं, "ह्या वाटेचं काय आहे एवढं?"

मी बांधापलीकडे बोट दाखवलं. कडपं दिसत होती, ओळीनं पडलेली. आमची आणि आणखी चार घरांची. ओहोळाच्या अंगानं डोक्यावर भारा घेतलेली एक बाई येत होती, पाय काढत, पाय घालत.

"हे डोक्यावरनं नेता?"

"तुमच्या मुलानं माणसापुरती वाट ठेवलीय ना. पण भारा घेऊन आडवं वळायचं म्हणजे दाणे गळतात. त्यापरीस ओहोळ बरा."

म्हातारीचं माहेर रोह्याकडचं, भातशेतीचं, असं तिनं नंतर सांगितलं. मग तिनं हातातली काठी उचलली आणि माझ्या बैठकीखाली टोचली. टण्ण वाजलं.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"खाली ओलं असेल," ती म्हणाली. "उठू नका हं. सर्दी होईल."

पहिल्या खांबाला नीलेशनं वरच्या अंगाला साखळी घातली, दोर खांबाच्या उंचीच्या कितीतरी पट लांब सोडला, गोणपाट टाकलं. विनितानं तुसाची रेघ मारली. दांडा ओढला तसा दोर ताठ झाला, वॉल घरघरला. खांब जरा वाकला, जरा थांबला आणि मग काचेच्या दिव्यासकट आडवा झाला. दुसऱ्यानं तेवढाही मान ठेवला नाही. ओढून बाजूला लावले आणि ट्रॅक्टर वाटेनं खडखडत खाली आला. किती दिवसांनी आला! मला उठून ओवाळावंसं वाटलं, पण उठता येत नव्हतं.

शेठ म्हणाला, "हुक त्या पुढच्या नळीला लावा, चमकते आहे ती."

"ती शोभेची हाय शेठ. सुटून आली तर तोफेच्या गोळ्यासारखी येईल," नीलेश म्हणाला आणि चिखलात लोळून गाडीची ओढायची खरी कडी शोधून काढली. शेठ स्टिअरिंगवर बसला. नीलेश जाळीच्या आड. आम्ही सगळे रेघेबाहेर. दोर ताणायला लागला.

तेवढ्यात एका हाफ चड्डीवाल्या पाहुण्याला फोटोचा कोन सुचला. रेघ ओलांडून तो दोरावर टांग टाकायला निघाला.

"बंद कर!" माझा आवाज पाताळगंगेपलीकडे गेला असेल. नीलेशनं दांडा सोडला, ढोल जागच्या जागी थांबला. "ए सोन्या! टांग पाठी घे. तुझ्या आईनं दोन दिल्यात, एक घेऊन जायचंय का घरी?"

तो मागं आला. रेघेच्या बाहेर आल्यावरसुद्धा आणखी दहा पावलं मागं गेला.

पुन्हा ओढलं. दोर ताठ, वॉल घरघरतोय, गाडी ढिम्म. शेठ काचेतनं तोंड काढून ओरडला, "जोर वाढवा! तो वॉल आवळा जरा!"

"वॉल आवळायचा नाय," नीलेशनं सांगितलं. दोर सैल केला, इंजिन बंद केलं, फावडं घेऊन उतरला. चाकांपुढचा चिखल काढला, खाली फळ्या आणि पेंढा सारला. चिखलानं धरलेली वस्तू आधी सुटावी लागते, मग ओढावी लागते. नुसत्या जोरानं दोर तुटतो, नाहीतर गाडीचा जबडा हातात येतो. तिसऱ्या खेपेला गाडीखालनं एक लांबलचक ढेकर आला. पाहुण्यांनी नाकं धरली. गाडी हलली, बांधावर चढली, वाटेवर आली आणि वाटेनं सरळ, दोन आडव्या पडलेल्या खांबांमधनं, रस्त्याला लागली. ती जाताना दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली होती. मी मनात ट्रॉली धरून बघितली. जात होती.

टाळ्या वाजल्या. शेठनं खिशात हात घातला, पण नीलेशनं घेतलं नाही. आवराआवर करताना त्यानं मला उठायला हात दिला, मी बेसावध होते, उठले. खाली गोणपाट. गोणपाटात कप्पी.

त्यानं कप्पीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. शेठ लांब होता.

"आई."

"काय रं?"

"कामावर हत्यार लपवायचं नाय. रेघा तू मारायला लावतेस आणि तूच... मधेच गरज पडली असती तर?"

"तर उठले असते."

"मला कसं कळणार, तू कशावर बसलीस?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण विनिता हसू दाबत गाल फुगवून उभी होती, म्हणून दिलं नाही. त्यानं तिथल्या तिथं कायदा केला: निघायच्या आधी सगळं सामान जमिनीवर मांडायचं, सगळ्यांनी बघायचं, आणि आईनं उभं रहायचं. मी मान्य केला. त्या दिवशी मी काहीही मान्य केलं असतं.

पाऊस त्या संध्याकाळी चार थेंब शिंपडून खालापूरकडे सरकला. पण आभाळ उघडलं नाही, म्हणून रविवारी दिवस उजाडताच आम्ही ट्रॉली काढली. आमची, शेजारच्या चार घरांची, आणि वरच्या वाडीतल्या बुधीची. ती दुसऱ्याचं शेत अर्धेलीनं, निम्म्या वाट्यानं करते, तिचं भात तर अगदी ओहोळाला टेकलेलं. सगळ्या बाया भारे बांधायला. पहिली खेप घेऊन वर येतोय, तो वाटेच्या तोंडावर शेठ, साईनाथ आणि एक गवंडी. गवंड्याजवळ घमेलं, थापी, सिमेंटची पिशवी.

आणि बरोबर पडलेल्या खांबांच्या मधोमध, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, शेठची आई.

"आई, ऊठ ना. ह्यांना खड्डे मारायचेत."

"मारू देत की. मी कुठं धरलंय त्यांना?"

"तू मधे बसली आहेस."

"इथं वारा चांगला येतो." तिनं आमची ट्रॉली पाहिली, काठी टेकून उठली, साईनाथनं खुर्ची उचलली. ट्रॉली गेली. ती परत बसली.

"काल घाईत बोललो मी," शेठ म्हणाला. अर्धं तिला, अर्धं मला.

"घाईत बोललास, पण दोनदा बोललास," म्हातारी म्हणाली. "मी मोजलं नाही, पण चड्डीवाल्यानं फोनवर दाखवलं मला. मुलुंडपर्यंत पोचलंय ते. तुझ्या मामाचा सकाळी फोन आला, म्हणाला धनेशनं वाट मोकळी केली, घराण्याचं नाव काढलं. आता त्याला मी काय सांगू?"

शेठ लाल झाला. गवंडी घमेलं उलटं घालून त्यावर बसला आणि तंबाखू मळायला लागला. आमच्याच गावचा, त्याच्या मामेबहिणीचं भातही त्या ट्रॉलीत होतं. दुसरी खेप आली. म्हातारी उठली, खुर्ची उचलली, ट्रॉली गेली, म्हातारी बसली. तिसऱ्या खेपेला तिनं भाऱ्यातलं एक लोंबर उपटून घेतलं, दोन दाणे दातांखाली चावले आणि म्हणाली, "चांगलं भरलंय."

शेवटी शेठ माझ्याकडे आला. आवाज खाली. "मावशी, तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ऐकते ती. उठवा."

"तुमची आय, तुमीच उठवा," मी म्हटलं. "आमची इंच माणसाला लावत नाय."

शेठनं गवंड्याला चहाला पाठवलं, आणि साईनाथला सांगितलं की पडलेले खांब वाटेत अडचण करतात, भिंतीकडेला लावून टाक. म्हातारी तरीही उठली नाही. बुधीचे भारे यायचे होते अजून, आणि ओहोळावर पावसाची पहिली रेघ दिसायला लागली होती. मी डोक्यावर गोणपाट घेतलं आणि नीलेशला ओरडले, "हळू हाण रं, पण थांबू नको!"